बरणीतली तीन भावंडं

आमच्या सलीमभाईंची एक गंमत सांगते. औशात त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे, अन् रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगाचा फोटो बघून नाव सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी न्हाई. वाचनालयात लावायला ते इथल्या पतंगांचं फ्लेक्स करून राहिले होते. मी तीन फोटो पाठवले: एक राखाडी, एक तांबूस, एक पट्ट्यापट्ट्यांचा. त्यांनी लगेच तीन नावं दिली. वर म्हणाले, "ताई, तिसरा तर औशात कुणालाच दिसला न्हाई. मुबारक हो!"

"सलीमभाई, तिघंबी सख्खी भावंडं हायेत. एकाच मादीची अंडी एरंडाच्या पानासकट आणून मी बरणीत वाढवलीत."

"काहीतरीच!"

दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन थेट दुकानात गेले. पतंगांनी पंख पसरले, तसे वरच्या पंखांखाली झाकलेले मागचे पंख दिसले. तिघांचे सारखेच, काळेभोर अन् मधी पांढरा पट्टा.

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! फ्लेक्स तर छापून झालं!"

त्यांनी ते पुन्हा छापलं. आता तीन फोटो अन् नाव एकच. खाली मला न विचारता मोठ्या अक्षरात टाकलंय, 'आम्ही फोटो बघितले, ताईंनी जन्म बघितला.'

तेव्हापासून मी रोज वाचनालयात जाते. पुस्तक मात्र अजून बदललं न्हाई.