नळाचा ओटा

शहागंजातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात वसंतराव नंबराची चिठ्ठी घेऊन बसले होते. तीस वर्षं पेपरात सरकारी योजनांच्या बातम्या लिहून त्यांची नजर अधू झाली होती. समोरच्या बाकावर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेली आबेदाबी शेजारच्या भागूबाईशी बोलत होती.

"पेपरात आलं, दिवाळीपर्यंत गल्लीत नळ येणार. आमच्या अब्बांनी लगेच अंगणात नळाचा ओटा बांधला. वर शहाबादी फरशी बसवली."

"आन् नळ?"

"कुठला नळ. ओट्यावर बकरी बसती."

"लिहिणाऱ्याला जाब विचारायचा व्हता."

"त्याचा काय कसूर? सायबानं सांगितलं ते त्यानं लिहिलं."

"परत बघाया तरी आला का?"

"आला ना. दर उन्हाळ्यात यायचा. त्याच ओट्यावर बसून चहा प्यायचा आन् लिहून न्यायचा, यंदाच्या दिवाळीला नळ येणार."

"तुमचे अब्बा काय म्हणायचे?"

"मरेपर्यंत भरोसा ठेवून व्हते. लई गोड बोलायचा तो. आवाज आजबी वळखीन मी."

दारात येऊन नर्सनं विचारलं, "अकरा नंबर कोण आहे?"

वसंतरावांनी तोंड उघडलं नाही. चिठ्ठी नुसती वर धरली.