उरतील ते आमच्याकडं

जमलेल्या सर्वांना रामकृष्णहरी.

मला भाषण येत नाही. भजनात मागं बसून टाळ धरणारी बाई मी. पण संदीप म्हणाला, काकू, आईबद्दल तुम्हीच बोला, तुम्ही तिच्याजवळच्या. मी अक्कांची धाकटी जाऊ, सुमन. शिरूरहून आले. जवळची होते की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा. कारण आज मी खोटं बोलणार नाही. मंडळी, मी अक्कांचा आयुष्यभर हेवा केला.

आमच्या गावात दरवर्षी सप्ताह असतो. बाहेरगावचे टाळकरी, विणेकरी येतात, आठ दिवस राहतात. कुणी कुणाला जेवायला-झोपायला न्यायचं याची यादी होते. मॅट्रिक झालेली सून म्हणून यादी माझ्याकडे. घरापुढं आकडा लिहायचा. लोक येऊन सांगायचे. आमच्याकडं दोन, पण तरणे द्या. आमच्याकडं तीन, पण पथ्यवाले नकोत. मीही आमच्या घरापुढं लिहायची, दोन. आणि ते दोन मी आधीच हेरून ठेवलेले असायचे. आपली ताटं आपली आपण उचलणारे.

अक्का यायच्या आणि म्हणायच्या, "आमच्यापुढं आकडा नको टाकू, सुमन. उरतील ते, असं लिही."

मी तसं लिहायची. मग उरायचं कोण? दात नसलेला. रात्रभर खोकणारा. एका वर्षी तर दोन्ही डोळ्यांनी अधू म्हातारा उरला. तो अक्कांकडं. आणि काल्याच्या दिवशी सगळा गाव नाव कुणाचं घ्यायचा? मी पुरणाचा स्वयंपाक केलेला असायचा. त्यांनी नुसती मऊ खिचडी. तरी नाव अक्कांचं. सासूबाई गेल्या तेव्हा उशाशी मी होते, पण शेवटचं विचारलं ते, थोरली आली का?

पुढं भाऊजींच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं अक्का इथं दौंडला आल्या. मला वाटलं, सुटले. आता गावात माझं नाव होईल.

झालं नाही. इथं त्यांच्या मागच्या खोलीत फरीदा भाड्यानं आली. तुम्ही सगळे तिला ओळखता. तिच्या देशात लढाई, नवरा त्यातच गेला. पदरात मुलगी, सोबत म्हातारे सासरे. पुण्यात खोली परवडेना म्हणून दौंड. मी संक्रांतीला आले, तर माझ्या जागेवर ती बसलेली. अक्कांच्या शेजारी, पाटावर, तीळ निवडत. मी आपली दारात उभी. तिच्या सासऱ्यांना, बाबांना, अक्कांनी सांगितलं, ही माझी जाऊ. ते हसून म्हणाले, "अच्छा, बहन की देवरानी." म्हणजे इतक्या लांबून आलेल्या माणसालासुद्धा मी थोरलीची जाऊच.

आणि मग ते पत्र आलं.

दोन वर्षं त्यांचे आसऱ्याचे कागद या देशाकडून त्या देशाकडं फिरत होते. एका देशानं फरीदाला आणि मुलीला घेतलं. बाबांना नाही. वय झालेलं, छातीचा आजार. त्यांचा अर्ज वेगळा काढला. दुसऱ्या देशानं कळवलं, आमच्या वाटणीची माणसं आम्ही घेतली. तिसऱ्याचं उत्तरच नाही. फरीदा हिंदीतून सांगत होती आणि रडत होती. मी ऐकत होते. मंडळी, ती यादी मला ओळखीची होती. दोन द्या, पण तरणे. तीन द्या, पण पथ्यवाले नकोत. कुठंतरी मोठ्या कचेरीत कुणीतरी माझ्यासारखंच नीट अक्षर काढून लिहीत बसलं होतं.

अक्कांनी मला विचारलं, "एवढं देश हायेत म्हणतेस. त्यात उरतील ते, असं लिहिणारा एकबी न्हाई व्हय गं?"



फरीदा जायला तयार नव्हती. न गेली तर मुलीचंही बुडणार होतं. अक्कांनी तिची ओटी भरली आणि म्हणाल्या, "जा. पोरीचं शिक्षण बघ. बाबा आमच्या वाटणीचं." फरीदा गेली. तिकडून बाबांसाठी अजून अर्ज करतेय. दर रविवारी फोन येतो. या रविवारी तो संदीपनं उचलला.

काल घरात बैठक झाली. भाऊजी आधीच गेलेले, संदीप नाशिकला असतो, घर बंद करणार. बाबांना कुठं ठेवायचं? एकजण म्हणाला, दिल्लीच्या निर्वासितांच्या कचेरीला कळवा, त्यांचं ते बघतील. एकजण म्हणाला, कागदपत्रांची भानगड नको. मीही मनात मोजत होते. आमच्या दोन खोल्या. ह्यांची साखर. माझं सोवळं, घरात अंडंसुद्धा चालत नाही. सगळ्या देशांनी मोजलं, तसंच मोजत होते.

तेवढ्यात शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, मी नेते बाबांना.

त्या इथंच बसल्यात. शोभाताई, रागावू नका. तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही तसं म्हणालात आणि माझा जुना हेवा पुन्हा जागा झाला. अक्कांच्या जागेवर दुसरी बाई? उद्या दौंडात तुमचं नाव निघेल आणि मी पुन्हा दारात उभी?

नाही. बाबा शिरूरला येतील. माझ्याकडं. हे मी मायेनं म्हणत नाही, तेवढी मी मोठी नाही. हेव्यानं म्हणते. माया नंतर येते की नाही ते बघू. अक्कांना तरी पहिल्या दिवसापासून होती का, हे विचारायचं राहिलंच.

अक्का, तुम्ही गेलात, पण यादी अजून माझ्याकडं आहे. आमच्या घरापुढचा आकडा मी आज खोडला. तिथं तुमचे शब्द लिहिले. तुमची वाटणी मला हवी होती ना? घेतली.

आता अक्कांसाठी थोडा वेळ सगळे शांत उभे राहू. बाबा, आप बैठे रहिए. तुमच्या वाटचं मी उभी राहते.