नितळ पाणी

लता : आजही एक गेला. लाकडाच्या आड पडलाय. आई, चार दिवसांत तीन मासे! मरतात तरी कशाने?

द्रौपदाबाई : मले काय माहीत, माय? मी डोळ्याच्या आपरेशनसाठी सुनेच्या घरी आली. डाक्टरनं काम बंद केलं, म्हनून तू ही काचेची पेटी मांडली. मी नुसती पाह्यत बसते.

लता : मग आता दोघी मिळून शोधू. पाणी नळाचं, पण दोन दिवस बादलीत ठेवलेलं. ब्लीचिंगचा वास उडाला होता. वाळू सात पाण्यांनी धुतली. राहिलं तुमचं बाभळीचं लाकूड.

द्रौपदाबाई : त्याले बोल लावू नको. पूर्णा नदीच्या डोहात दहा वरीस पडेल व्हतं. यष्टीत मांडीवर घेऊन आनलं मी. कंडक्टर हासे.

लता : रागावू नका. पण दुसरं काही सापडलं नाही, तर आज लाकूड बाहेर.

द्रौपदाबाई : आन् मंग मासे लपतीन कोठी? डोहातबी ते लाकडाच्या पोटातच बसता. वाह्यत्या पान्याकडं तोंड करून.

लता : तोंड करून? कशावरून?

द्रौपदाबाई : कपडे धुता धुता पाह्यलं व्हतं. दुसरं काय पाह्याचं तठी?

लता : थांबा हं. एक गंमतच आहे. हे लाकूड तीनदा उकळलं, तरी चहासारखा रंग सोडत होतं. पेटीत रंग उतरायलाच हवा होता. पाणी इतकं नितळ कसं?

द्रौपदाबाई : नितळ हाये ते बरंच ना.

लता : बरं आहे, पण कसं? आणि वाळूवर हा पांढरट साका कसला?

द्रौपदाबाई : तू शाळेत गेली का मी तुरटी फिरवे.

लता : तुरटी! पेटीत?

द्रौपदाबाई : पुराचं पानी हंड्यात आलं का आम्ही तसंच करतो. दोन फेरे मारले का गाळ खाली. इठी पानी लाल दिसे. मले वाटे, तू म्हनशीन, सासूनं नदीतलं घान लाकूड आनलं आन् पेटी नासवली.

लता : अहो, हंड्यात चालते तुरटी. मासे त्याच पाण्यात श्वास घेतात. त्यांना सोसत नाही ती.

द्रौपदाबाई : म्हंजे मीच मारले. तीन जीव. मले उद्या गावाले, एदलाबादच्या गाडीत बसवून दे, माय. माह्यानं आता पेटीकडं पाह्यवनार नाही.

लता : मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आठवीच्या वर्गाला हेच शिकवत बसते, आणि घरच्या माणसाला सांगितलं नाही मी. लाकडाचा तो रंग माशांना चालतो. पाणी आज थोडं बदलू, उद्या थोडं. आणि ही पाणवनस्पतीची लांब पात बघा, मी लावते आणि ही वर तरंगते.

द्रौपदाबाई : अशी उभी खुपसली का तरंगीनच ना! वाळूत बोटानं भोक पाड, मुळं आडवी निजव. कोंब नको गाडू. सरक, मी दाखवते.

(पदर खोचून द्रौपदाबाई कोपरापर्यंत हात पाण्यात घालते.)

लता : बसली की! आता किती दिवसांत मूळ धरेल?

द्रौपदाबाई : नदीत आठ दिस लागता. काचेत किती लागता, ते मले बी ठाव नाही. पाह्याले राह्या लागीन.