टेबलावरचे दोन फोन

मंडळी, बसून घ्या. मला सभेत बोलायची सवय नाय, आणि आज तर तोंड उघडलं की रडू येतंय. पण मालतीताई माझी मोठी जाऊ. मला बोलावंच लागेल.

आधी या टेबलाकडे बघा. ताईच्या फोटोसमोर दोन फोन ठेवलेत. एकावर तिचा मुलगा निलेश आणि त्याच्या बाजूचे. दुसऱ्यावर मुलगी केतकी आणि तिच्या बाजूचे. दोघं कॅनडात, एकाच शहरात राहतात. पण आईच्या शोकसभेला एका कॉलवर यायला तयार नायत.

आपल्या चिंचणीची जी पोरं तिकडे गेली, त्यांचा एक ग्रुप होता. ताई त्यात रोज सकाळी वाडीतला फोटो टाकायची. आंब्याला मोहोर आला, विहिरीला पाणी चढलं. सगळे खूश व्हायचे.

मग एक व्हिडिओ आला, मारामारीचा. खाली लिहिलेलं, बोईसरच्या बाजारात परप्रांतीयांचा धुमाकूळ. ताई आणि मी तेव्हा त्याच बाजारात होतो. ताईने तिथूनच लिहिलं, 'मी बाजारातच हाय. इथं काय नाय झालं. भेंडी घेतेय.' वर भेंडीचा फोटो.

उत्तर काय आलं? 'काकी, तिथे राहून तुम्हाला काय कळणार? आम्ही इथून सगळं बघतोय.'

ऐकलंत ना? बोईसरच्या बाजारात उभ्या असलेल्या बाईला बाजारात काय चाललंय ते कॅनडातून सांगितलं.

ताई गप्प बसली नाय. रोज लिहायची, 'खोटा हाय तो व्हिडिओ, काढा.' शेवटी व्हिडिओ राहिला आणि ताईला काढलं. कोणी? निलेशने. 'थोडे दिवस, आई, लोक चिडलेत,' म्हणालास ना रे?

केतकी, तू मान डोलावू नको. तू वेगळा ग्रुप काढलास, आईला त्यात घेतलंस. कशाला? तिची भेंडी दाखवून भावाची टिंगल करायला. तिने तिथे विचारलं, 'निलेशचा ताप उतरला का?' तर तुझी माणसं म्हणाली, 'त्या लोकांचं नाव इथे नको.' पोटच्या पोराचं नाव नको?

मग ताईने फोटो टाकणंच सोडलं. वाडीत फिरायची, फोन काढायची, परत ठेवून द्यायची. 'कोणाला धाडू गं? एकाला धाडला तर दुसऱ्याला राग.'

मला राग आलाय, मंडळी. ताई अंगणात पडली तेव्हा तिला उचलून रिक्षात घातलं ते रामाशीषने. तिच्या मागच्या खोलीतला भाडेकरू, बिहारचा, तारापूरला कारखान्यात कामाला जातो. खांदाही त्याने दिला. निलेश, तो तिथे दाराशी उभा हाय, बोलावलं तरी पुढे येत नाय. तिकडे तूही कोणाचा तरी परप्रांतीयच असशील.

हॉस्पिटलात ताईने मला एकच विचारलं. 'दोघं बोलली का?' मी नाय म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. नंतर कोणाशी बोलली नाय.

आता आपण ताईसाठी उभं राहूया. थांबा, त्याआधी हे दोन फोन मी फिरवते. एकमेकांकडे तोंड करून ठेवते. निलेश, आता तुला आम्ही दिसणार नाय, बहीण दिसेल. केतकी, तुला भाऊ दिसेल. कॉल कापू नका.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं वगैरे काय नाय. ही दोघं बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं.