चारशे पानं

ऐका, दुकानात ऐकलेली गंमत सांगतो. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी रांग होती. रांगेत एका शिंप्याच्या मागे एक भाषांतरकार बाई आणि तिचा लॅपटॉप छातीशी धरलेला धाकटा भाऊ. शिंप्याचे कान मागेच लागलेले.

“ताई, विंडोज काढून लिनक्स टाकलं की मशीन पळतं गं, म्हणून टाकलं.”

“पळालंच की, माझी चारशे पानं घेऊन! सोमवारी प्रकाशकाला काय देऊ, तुझं डोकं?”

“सगळी डिस्क पुसू का, असं टाकताना मशीनने विचारलं. मी हो म्हटलं. बॅकअप होता ना.”

“कुठे होता, शहाण्या?”

“पेनड्राइव्हवर.”

“मग काढ की तो.”

“लिनक्सही त्याच पेनड्राइव्हवर भरलं. भरताना आधीचं सगळं जातं, हे मला काय माहीत?”

“म्हणजे आधी बॅकअप पुसलास, मग मूळ पुसलंस. काय पण हुशारी!”

“चिडू नकोस. जुनं विंडोज परत टाकून बघतो, येतीलही पानं.”

“हात लावून तर बघ! दुकानदार फोनवर काय म्हणाला? आता चालू केलं किंवा वर काही भरलं, तर उरलंसुरलंही जाईल.”

“बरं, नुसतं चालू करून बघतो.”

“अहो पुढचे दादा, रांगेतला तुमचा नंबर आम्हाला द्याल का? याचं बोट बटणावर पडायच्या आत?”