काठोकाठ पियाला

आत्या: काठोकाठ भरलास पियाला! मागणी घालायला आलेल्या बाईपुढे! काठोकाठ चहा म्हणजे प्या आणि चालू लागा, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

जुम्राद: मुद्दाम नाही भरला, आत्या.

आत्या: मग चहादाणी आपोआप कलंडली? खिम्याचे गरम सामसेसुद्धा टाकून उठल्या त्या. संध्याकाळपर्यंत मार्गिलान गावभर होईल.

आई: वन्सं, जरा दमानं घ्या. जुम्राद, झालं काय?

जुम्राद: हात थांबवायचा होता, थांबेचना. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. माफ करा म्हणायला गेले, तर जीभ वळेना.

आत्या: नजर लागली. धुरी देते.

आई: थांबा हो. त्याआधी काय करत होतीस?

जुम्राद: चहाच्या पाण्यासाठी समोवारचे निखारे फुंकत होते. आता बघ, बोटं हलतायत.

आई: पहिल्यांदाच झालं?

जुम्राद: नाही. मागे गरम शोर्वा फुंकताना चमचा पडला होता.

आई: आणि मला बोलली नाहीस?

जुम्राद: इतक्या दिवसांनी तू गुणगुणत होतीस गं.

आई: वन्सं, ताश्कंदच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हिच्या डोक्यातली गाठ किरणांनी गेली, पण त्याच किरणांनी मेंदूतल्या रक्तवाहिन्या पुढे कित्येक वर्षांनी अरुंद होऊ शकतात. मग जोरजोरात फुंकलं, रडलं की त्या आणखी आवळतात. हात लुळा पडला, बोलणं अडलं, तर लगेच आणा. बरं वाटलं तरी आणा.

आत्या: हळू बोल! त्या घरी गाठीचं सांगितलेलं नाही. मी आत्ता जाऊन माफी मागते, पोर बावरली म्हणते. पण दारात दवाखान्याची गाडी दिसली, तर स्थळ गेलंच म्हणून समज.

जुम्राद: आई, मला तो आवडलाय.

आई: ठाऊक आहे गं राणी. पण पुढच्या वेळी हात परत आलाच नाही तर?

(आई फोन लावते.)

आई: गाडी निघालीय. जुम्राद, आडवी हो. फुंकायचं नाही, रडायचंही नाही. वन्सं, तुम्ही जा त्यांच्याकडे. माफी मागा, आणि गाठीचंही सांगून टाका.

आत्या: नाही म्हणाले तर?

आई: तर म्हणू देत.

आत्या: मग उद्या म्हणू देत. आज कुठली जातेय मी? चादर दे ती. आणि सरक गं पोरी, तुझ्या उजव्या हाताला मी बसते.