चपलांचे कप्पे

जयपूरच्या रेल्वे दवाखान्यातल्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं आणि कालिंदीबाई जोशींना माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. सासू-सून बोलत होत्या.

"आई, दारामागे कप्पे शिवून टांगलेत, बघितलेत? एकेका कप्प्यात चपलांचा एकेक जोड."

"बघितले. कापड कुठलं?"

"ट्रंकेतलं पांढरं लुगडं. मतलब, नुसतंच पडलं होतं ना."

"माझ्या सासूबाई ते नेसून नागपूरला दीक्षा घ्यायला गेल्या होत्या."

"मला कुठे माहीत होतं? आजच उसवते."

"आता उसवून काय करशील? गावाने त्यांना जन्मभर चपलांपाशी बसवलं. तेवढं लुगडं वाचलं होतं."

"कुठल्या गावच्या तुम्ही?" असं विचारायला कालिंदीबाई अर्ध्या वळल्या होत्या. त्या पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.